आगीआधी कानस

हे मनन डोळे उघडे ठेवून करायचं आहे. एकेक परिच्छेद वाचा, थांबा, मग पुढे चला.

स्वतःच्या मापाची सायकलची फ्रेम स्वतःच्या हातांनी बनवायला शिकवणारे वर्ग काही देशांत भरत आले आहेत. इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं फ्रोम आणि अमेरिकेच्या ओरेगनमधलं ॲशलंड ही त्यासाठी नावाजलेली गावं. तिथल्याच एखाद्या बाकापाशी मनानं उभे राहा. समोर व्हाइस आहे, कानशी आहेत, कागदात गुंडाळलेल्या पोलादी नळ्या आहेत. त्यातली एक उचला.

तळहातावर तोलून बघा. बाहेरून ती टोकापासून टोकापर्यंत सारखीच दिसते. आतून ती तशी नाही. टोकांशी तिची भिंत ०.८ मिलिमीटर जाड असेल, तर मधल्या लांब भागात जेमतेम ०.५. जोड टोकांना येतो, आग तिथे लागते, ताणही तिथेच साठतो. म्हणून धातू तिथे जास्त ठेवलेला. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सनी या युक्तीचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं, आणि १९३५ मध्ये त्यांची ‘५३१’ नळी आली, जिच्यावर पुढे कित्येक दशकं उत्तम सायकली उभ्या राहिल्या. भार जिथे येणार तिथे बळ, बाकी ठिकाणी हलकेपणा. ही जाडी आता कुणाला दिसणार नाही. नळी हातात तशीच राहू द्या.

बाकावर मोठा कागद पसरला आहे. त्यावर फ्रेम एकास एक मापात काढलेली आहे, आणि तिच्या रेषा तुमच्या अंगावरून घेतल्या आहेत: पाय, धड, हात. जिथे बसला आहात तिथेच थोडं लक्ष शरीराकडे न्या. सायकलवर माणूस तीन जागी टेकतो: बैठक, तळहात, तळपाय. एकेका जागेशी थांबा. वजन कुठे जास्त पडतं? मान पूर्वीइतकी वाकत नसेल, तर कागदावर हेड ट्यूब, म्हणजे हँडलखालची उभी नळी, थोडी लांबवायची, म्हणजे हँडल वर येईल. पाठ आखडत असेल तर वरची दांडी थोडी आखूड. आज शरीर जसं आहे तसं ते कागदावर उतरू द्या. तरुणपणीचं माप इथे कामाचं नाही, आणि पुढच्या वर्षी कमी होणाऱ्या वजनाचंही.

आता कानस. या वर्गांत लोक बहुधा ज्योतीच्या ओढीनं येतात. माझ्या मते मात्र कामाचा जीव इथे आहे. नळीचं टोक असं घासायचं, की ते दुसऱ्या नळीच्या गोलाईवर चपखल बसावं. भिंत पातळ असल्यानं नळी व्हाइसमध्ये थेट आवळली तर चेपेल, म्हणून ती खाच पाडलेल्या लाकडी ठोकळ्यांत धरलेली आहे. अर्धगोल कानस घ्या. तिचे दात पुढे जातानाच कापतात. मागे येताना तिला किंचित उचलायचं. पुढे ढकलताना श्वास सोडा. उचलून मागे आणताना श्वास घ्या. पुन्हा पुढे. हाताला घाई झाली की कानस डोलते आणि कड बिघडते. पुन्हा मागे. असंच चालू द्या, मोजू नका.

नळी दुसरीवर टेकवा आणि खिडकीकडे धरा. मधून उजेड दिसतो? फटीच्या जागी घासायची ऊर्मी येईल. तिथे हात लावायचा नाही. जिथे टोक टेकलेलं आहे तिथे घासायचं. पुढे आलेला धातू थोडा मागे गेला की फट आपोआप मिटते. यावर सावकाश थांबा. घरातल्या, कामातल्या एखाद्या न जुळणाऱ्या जागेची आठवण आली तर येऊ द्या. आपली कुठली बाजू आधी टेकते आहे, एवढंच बघा. उत्तर आजच मिळायला हवं असं नाही.

उजेड दिसेनासा झाला की जोड स्वच्छ करून फ्लक्स लावायचा. पितळी झाळीसाठीच्या फ्लक्समध्ये टाकणखारच मुख्य, जो आपल्याकडे सोनारही वापरतात. टॉर्च पेटली. ज्योत एका जागी ठेवू नका, सतत फिरती असू द्या. फ्लक्स आधी फुगतो, मग पारदर्शक होऊन पसरतो. पोलाद लाल होऊ लागतं. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस लागतात, पितळी काडी ९०० च्या आसपास वाहते. म्हणजे नळ्या वितळत नाहीत, आपापल्या जागी शाबूत राहतात, आणि झाळ त्यांना धरते. झाळ उष्णतेच्या मागे जाते. लग, म्हणजे नळ्यांवर चढणारी बाही, असलेल्या जोडात ज्योत पुढे सरकवा, झाळ लगच्या आत खेचली जाते आणि पलीकडच्या कडेला पिवळी बारीक रेघ उमटते. फट मोठी असेल तर ती खेचली जात नाही; तेव्हा कितीही काडी वितळवा, आत पोकळीच राहते. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकली अशाच लगनी जोडलेल्या असत. घरी एखादी असेल तर हँडलखाली, दांडी जिथे मिळते तिथे बोट फिरवा. नळीवर चढलेल्या बाहीची कड लागेल.

हा जोड सरावाचा आहे; थंड झाला की तो हॅकसॉनं उभा चिरायचा. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरून देखणा दिसणारा जोड आतून रिकामा निघू शकतो, आणि खडबडीत दिसणारा काठोकाठ भरलेला. दोन्ही अर्ध्या भागांकडे नीट बघा. पितळ कुठवर पोचलं? काळी जागा कुठे राहिली, आणि तिथे ज्योत किती वेळ होती? निवाडा नको, फक्त बघा.

मग दुसरा तुकडा ठोकळ्यांत धरा आणि कड पुन्हा घासायला घ्या.