उसनी ज्वारी



कचेरीत तुमचं एखादं काम होतं, ते झालं. साहेबांनी पैसे मागितले नाहीत, खेटे घालायला लावले नाहीत. तुम्हाला बरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आंब्याची पेटी घेऊन त्यांच्या दारी गेलात. यात चुकलं काय? कामाआधी मागतात ती लाच. ही तर काम झाल्यावर आपणहून दिलेली भेट! आपण सगळेच असं म्हणतो. ३१ वर्षं तलाठ्याची नोकरी करताना मीही हेच म्हणत होतो. गळ्यात माळ होती, एकादशी चुकत नव्हती, कुणापुढे हात पसरला नव्हता. तेव्हा पुढे जे सांगतो, ते उपदेश म्हणून ऐकू नका. माझी चूक म्हणून ऐका.

एका शेतकऱ्याची वारस नोंद होती. कागद पुरे होते. मी नोंद धरली, नोटिसा दिल्या, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला, सातबाऱ्यावर नाव लागलं. सगळं नियमानं आणि वेळेत. सुगीनंतर तो माणूस बैलगाडीतून ज्वारीचं पोतं घेऊन घरी आला. "भाऊसाहेब, घरची आहे, नाही म्हणू नका," म्हणाला. मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा गप्प बसलो. पोतं उतरलं. चावडीसमोरून गाडी गेली होती, गावानं पाहिलं होतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एक विधवा बाई आली. नवरा जाऊन बरेच दिवस झाले होते. पदराखाली फडक्यात बांधलेली पायलीभर ज्वारी होती. ती माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "भाऊसाहेब, एवढीच जमली. शेजारणीकडून उसनी आणलीय. आता तरी नाव लावा." मी विचारलं, "बाई, इतके दिवस का आला नाहीत?" तर म्हणाली, "रिकाम्या हातानं कसं यायचं?"

त्या वर्षी दुष्काळाचं अनुदान आलं होतं. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, म्हणून तिला ते मिळालं नाही. मी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिचा कागदही माझ्याकडे अडलेला नव्हता, कारण तो आलाच नव्हता. अडवला होता तो माझ्या घरी उतरलेल्या पोत्यानं. ज्वारी मी परत दिली, नोंद धरली. पण गेलेलं अनुदान काही मला परत आणता आलं नाही.

माउली, भेटीची गोष्ट आपण नेहमी दोघांची समजतो. देणारा खूश, घेणारा खूश, मग तिसऱ्यानं का बोलावं? पण सरकारी टेबलापाशी नेहमी तिसरा उभा असतो. तो रांगेत मागे असतो, त्याच्या हातात काही नसतं आणि तो सगळं पाहत असतो. आपली पेटी पाहून तो मनाशी भाव ठरवतो. ज्या कामाला मोल नव्हतं, त्याला आपण मोल लावून ठेवतो, आणि ते भरावं लागतं सगळ्यांत गरिबाला.

कुणी म्हणेल, "सुदाम्यानं पोहे नेले होते की नाही? देवानं ते घेतलेच ना?" हा प्रश्न मलाही एकानं विचारला होता. नीट पाहा. सुदामा दरिद्री होता, गरजू होता हे खरं. पण त्यानं पोहे पुढे केले नाहीत, लाजेनं लपवले. देवानंच ते ओढून घेतले. आणि देवानं जे दिलं, ते स्वतःचं दिलं. सुदाम्याला दिल्यानं दुसऱ्या कुणाचा वाटा कमी झाला नाही. तलाठी, कारकून, अभियंता, शिपाई जे देतो ते त्याचं नसतंच. सही त्याची, पण हक्क लोकांचा. दुसऱ्याची वस्तू ज्याची त्याला पोचवली, त्याबद्दल मी बक्षीस कशाचं घेऊ? त्याचा पगार मला मिळालेलाच असतो.

आपल्या संप्रदायात चाकरी करणारे थोर भक्त होऊन गेले, हे आपण विसरतो. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या बादशाहाचे चाकर होते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं उपाशी लोकांसाठी उघडली. त्यांनी लोकांकडून काही घेतलं नाही. उलट शिक्षा भोगायला ते निघाले. पुढची कथा तुम्ही कीर्तनात ऐकलीच आहे. विठू महार होऊन देव बिदरला गेला, धान्याचं मोल भरलं आणि पावती घेतली. ती पावती दामाजीपंतांना पोथीत सापडली. माउली, मला त्या कथेत पावतीचं फार नवल वाटतं. प्रत्यक्ष पांडुरंग, पण सरकारी पैशाचा व्यवहार त्यानंही उघड केला, लेखी केला. मागच्या दारानं काही दिलं नाही.

नाथमहाराज देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशेब पाहत. एका पैची चूक सापडत नव्हती म्हणून ते रात्रभर दिव्यापाशी बसले आणि सापडल्यावर आनंदानं टाळ्या वाजवू लागले, अशी कथा आहे. एका पैसाठी रात्र जागवणाऱ्याचं नाव आपण घेतो, आणि पोत्याला "घरचीच आहे" म्हणतो.

कायदाही याच वाटेनं जातो. ज्याचं काम आपल्या हाताखाली आहे, त्याच्याकडून मोल न देता मौल्यवान वस्तू घेणं हा १९८८च्या लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. कुणी जबरदस्तीनं द्यायला लावलं, तर सात दिवसांच्या आत कळवावं लागतं. महाराष्ट्रात त्यासाठी १०६४ हा क्रमांक आहे. सरकारी नोकरांसाठी १९७९चे वर्तणूक नियमही आहेत. लग्नकार्यात आप्तांनी रीतीप्रमाणे केलेला आहेर नियमांना समजतो. कामाचा संबंध असलेल्याची भेट मात्र वेगळी. पण कायदा हे शेवटचं कुंपण आहे. मला त्याआधीच थांबायला हवं होतं.

थांबायचं कुठे, हे कळायला एक सोपी कसोटी सांगतो. समजा, उद्या त्या साहेबांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. आता त्यांची सही तुमच्या काहीच उपयोगाची नाही. तरी तुम्ही ती आंब्याची पेटी एसटीत टाकून त्यांच्या नव्या गावी पोचवाल का? पोचवाल, तर ते प्रेम. नाहीतर ती पेटी माणसाला नव्हती, खुर्चीला होती. घेणाऱ्यानंही हेच विचारावं. मी निवृत्त झालो, त्यानंतरच्या दिवाळीत माझ्या दारी एकही पुडा आला नाही. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं लोक कुणाला भेटायला येत होते.

मग उपकार मानायचेच नाहीत का? अवश्य मानावेत. तोंडभरून धन्यवाद द्यावेत. त्या माणसाच्या वरिष्ठांना चार ओळींचं पत्र लिहावं, की या कर्मचाऱ्यानं काम चोख केलं. प्रामाणिक नोकराला अशी पत्रं क्वचितच मिळतात. आणि तरीही हात द्यायला शिवशिवत असेल, तर आपल्याकडे वारी आहे. वाटेवरची गावं दिंडीला पिठलं-भाकरी वाढतात. ज्याच्या ताटात वाढलं तो कोण, कुठला, हे वाढणाऱ्या माउलीला ठाऊक नसतं. तो उद्या पुढच्या मुक्कामाला गेलेला असतो, त्याच्या हातात कुणाचा सातबारा नसतो. असं द्यावं. त्या पोत्याची जागा पंगतीत होती, माझ्या घरात नव्हती.

तुमच्यापैकी कुणी आज खुर्चीवर असेल, तर एवढंच मागतो. पहिलं पोतं दारात येईल, तेव्हा तिसऱ्यांदाही नाही म्हणा, आणि चारचौघांसमोर म्हणा. गावाला ते दिसू द्या. म्हणजे कुणी एक बाई रिकाम्या हातानं, वेळेवर, तुमच्यासमोर येऊन उभी राहील.

राम कृष्ण हरी.