संघ गेला, म्हणजे कोण गेले?

17 मार्च 2008 रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स हा बेसबॉल संघ फ्लोरिडातल्या व्हेरो बीच या गावी आपला शेवटचा सराव सामना खेळला. हंगामाआधी, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, अमेरिकेतले मोठे संघ उबदार मुलखात तळ ठोकतात. निम्मे फ्लोरिडात, निम्मे ॲरिझोनात. डॉजर्सचा तळ 1948 पासून व्हेरो बीचला, नौदलाच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर होता. 2009 मध्ये तो ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला हलला. क्रीडापानावर सुरू होऊन तिथेच संपावी अशी ही बातमी. पण तिच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. ‘संघ गेला’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके कोण गेलेले असते?

‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाके का, जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी हाती उरते ते फक्त नाव. हाच प्रश्न डॉजर्सना लावून पाहावा. 1948 चा एकही खेळाडू 2008 मध्ये मैदानात नव्हता. ओमॅली कुटुंबाने 1998 मध्ये संघ विकला, त्यामुळे मालकही ते नव्हते. शहर तरी तेच होते का? तेही नाही. 1957 च्या हंगामानंतर संघाने ब्रुकलिन सोडले, खंडाच्या दुसऱ्या टोकाला लॉस एंजेलिस गाठले, आणि ब्रुकलिनमधले एबेट्स फील्ड 1960 मध्ये पाडले गेले. आस गेली, चाके गेली, जूही गेले. टिकला तो व्हेरो बीचचा तळ. पिचर सँडी कोफॅक्सने तिथे आधी ब्रुकलिनचा म्हणून सराव केला, मग लॉस एंजेलिसचा म्हणून. ब्रुकलिनचा कॅचर रॉय कॅम्पानेला याची गोष्ट याहून बोलकी आहे. जानेवारी 1958 मध्ये मोटार अपघातात त्याचे शरीर लुळे पडले आणि लॉस एंजेलिससाठी तो एकही सामना खेळला नाही. पुढे मात्र तो चाकाच्या खुर्चीतून व्हेरो बीचला येई आणि नव्या पिढीच्या कॅचरना शिकवी. ब्रुकलिन आणि लॉस एंजेलिस हे दोन वेगळे संघ नव्हेत, असे म्हणायला कागदोपत्री मालकीखेरीज जो आधार होता, तो मुख्यतः या मैदानात होता. म्हणून माझे म्हणणे असे की व्हेरो बीच हा डॉजर्सचा केवळ मुक्काम नव्हता. डॉजर्सचे ‘तेच’पण त्या गावाने सांभाळले होते.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा, आणि तो खरा आहे. लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकाला फ्लोरिडा म्हणजे अख्खे खंड ओलांडणे, ग्लेनडेल मात्र मोटारीने काही तासांवर. तिथे शिकागो व्हाइट सॉक्सबरोबर वाटून घेतलेले नवे संकुलही तयार होते. हे सारे मान्य करूनही इतकेच सिद्ध होते की जाणे सोयीचे होते. सोडून जाण्यासारखे तिथे काही नव्हते, हे त्यातून निघत नाही. भाडे चुकते केले की घरमालकाचे देणे फिटते. ओळख सांभाळणाऱ्याचे देणे भाड्याच्या हिशेबात येतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ज्या जागेचे एवढे गोडवे, ती तरी कुठे निर्मळ होती? 1946 मध्ये फ्लोरिडातल्याच सॅनफर्ड गावाने डॉजर्सने करारबद्ध केलेल्या जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला टिकू दिले नव्हते. व्हेरो बीचच्या तळावर गोरे आणि काळे खेळाडू एका छपराखाली राहत, एका पंक्तीत जेवत. पण कुंपणाबाहेरच्या गावात वर्णभेदाचेच राज्य होते, आणि 1953 मध्ये बांधलेल्या होल्मन स्टेडियममध्येही काळ्या प्रेक्षकांची बसण्याची जागा 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वेगळी होती. ही लाजिरवाणी बाजू झाकण्यात अर्थ नाही. पण जागेचे मोल तिच्या निर्मळपणावर ठरते, हे गृहीतच तपासायला हवे. महानुभावांनी चक्रधरस्वामी जिथे राहिले, बसले, त्या स्थानांची नोंद ‘स्थानपोथी’त ठेवली. त्या स्थानांचे महत्त्व स्वामींशी आलेल्या संबंधातून येते, मातीच्या अंगच्या पावित्र्यातून नव्हे. ही दृष्टी इथे उपयोगी पडते (बेसबॉलला देवत्व देण्याचा माझा बेत नाही). कुंपणाबाहेरचे गाव जसे होते तसे असूनही कुंपणाच्या आत काही वेगळे करून दाखवले गेले, हाच तर तो संबंध.

उरतो तो खुद्द नागसेनाच्या बाजूने येणारा आक्षेप: सारेच क्षणभंगुर, मग ‘तेच’पणाचा एवढा सोस कशाला? हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, पण डॉजर्सना त्याचा आसरा घेता येणार नाही. नाव केवळ व्यवहारापुरते आहे असे म्हणायचे, तर त्या नावाच्या पुण्याईवर हक्क सांगणेही सोडावे लागेल. ते कोणताच संघ सोडत नाही. रॉबिन्सन 1956 नंतर खेळलाच नाही, म्हणजे लॉस एंजेलिससाठी तो कधी मैदानात उतरला नाही. तरी 1972 मध्ये त्याचा जर्सीवरचा 42 क्रमांक सन्मानाने निवृत्त केला तो लॉस एंजेलिसने. वारसा हवा असेल, तर तो ज्या धाग्याने हाती आला तो धागाही मान्य करावा लागतो. 2019 मध्ये व्हेरो बीचच्या त्या जुन्या तळाला रॉबिन्सनचे नाव देण्यात आले. ते दिले मेजर लीग बेसबॉल या मोठ्या संघांच्या संघटनेने. डॉजर्स तेव्हा ग्लेनडेलला आपला अकरावा सराव हंगाम उरकून घरी परतले होते.