कॉलेजचं नाव

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या, मूळच्या काश्मीरच्या प्राध्यापकांनी ऑगस्ट 2022 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर दोन स्टेटस ठेवली. 370 कलम काढलं तो 5 ऑगस्ट हा काळा दिवस, असं एकात होतं. दुसऱ्यात 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा होत्या. हे प्राध्यापक शिक्षक-पालकांच्या ग्रुपमध्ये होते. हातकणंगले पोलिसांत गुन्हा दाखल झाला, तो समाजगटांत वैर पसरवल्याचा, कलम 153-अ खाली. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2024 ला रद्द केला. सरकारच्या निर्णयाचा निषेध करणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि शेजारी देशाला शुभेच्छा देणं म्हणजे वैर पसरवणं नव्हे, असं न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी सांगितलं. अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय, हे पोलिसांनाही शिकवायला हवं, असंही त्यांनी नोंदवलं.

त्या निकालात एक जुनी कसोटी पुन्हा पुढे आली. ती आपल्याच नागपूरची आहे. 1946 साली तिथल्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी ती घालून दिली. शब्दांचा परिणाम समंजस आणि खंबीर मनाच्या माणसावर काय होईल, यावरून जोखायचा. ज्याला प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास येतो, अशा कच्च्या मनाच्या माणसाचं माप लावायचं नाही.

मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवतो आणि त्यातली काही वर्षं शिस्तपालन समितीवर काढली आहेत. आमच्या बैठकांत नेमकं उलटं माप लागतं. स्क्रीनशॉटची प्रिंट टेबलावर येते. कार्यालयातल्या प्रिंटरची शाई संपत आलेली असते, त्यामुळे अक्षरं फिकट असतात, वरची वेळ आणि तारीख कापली गेलेली असते. त्या आधी काय लिहिलं होतं, कुणाला उत्तर म्हणून लिहिलं होतं, हे कागदावर नसतं. तरी पहिला प्रश्न येतो तो ‘हे बाहेर गेलं तर?’ असा. म्हणजे बाहेरच्या सगळ्यांत चिडखोर माणसाला काय वाटेल, यावर आतल्या मुलाचं वर्ष ठरतं.

पुण्यात मे 2025 मध्ये काय झालं, ते अजून ताजं आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या 19 वर्षांच्या मुलीने ऑपरेशन सिंदूरबद्दल सरकारवर टीका करणारी दुसऱ्या कुणाची पोस्ट 7 मे रोजी इन्स्टाग्रामवर पुढे टाकली. धमक्या येऊ लागल्या तशी दोन तासांत काढली, माफी मागितली. 9 मेला कॉलेजने तिला रस्टिकेट केलं. त्याच दिवशी अटक झाली. 27 मेला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि तिला परीक्षेला बसू द्यायला सांगितलं. तोवर काही पेपर बुडाले होते. तिचं म्हणणं तरी ऐकून घेतलं होतं का, असं न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारलं. खून केल्याचा आरोप असलेल्याची बाजूसुद्धा ऐकली जाते. इथे एका कॉलेजने आपल्याच मुलीची ऐकली नाही.

हे काही दुष्टपणातून होत नाही, हे मी आतून पाहिलेलं आहे. संस्थाचालकांना गावातल्या पुढाऱ्याचा फोन येतो. जूनमध्ये प्रवेश सुरू होणार असतात, मूल्यांकनासाठी नॅकची समिती कधी येईल सांगता येत नाही, गेटवर चार पोरं घोषणा देत उभी असतात. प्राचार्यांना त्या क्षणी एकच दिसतं, की संध्याकाळपर्यंत काहीतरी ‘केलेलं’ दिसलं पाहिजे. कारवाई हाच खुलासा होऊन बसतो. पण अशा घाईने नाव राहतं का? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने 2014 साली स्टीव्हन सलाइटा या प्राध्यापकाला देऊ केलेली जागा गाझाविषयीच्या ट्वीटमुळे मागे घेतली. पुढच्या वर्षी 8,75,000 डॉलर मोजून तंटा मिटवावा लागला. आज त्या ट्वीटमधले शब्द फार थोड्यांना आठवत असतील, पण विद्यापीठ कसं वागलं, ते अजून सांगितलं जातं.

आता दुसरी बाजू, आणि मला खरं बोलायचं आहे ते हिच्याविषयी. तीन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात आमच्यापुढे दोन गोष्टी आल्या. होस्टेलच्या एका मुलाने मेसच्या आमटीत तरंगणाऱ्या अळीचा फोटो स्टोरीवर टाकला. दुपारी चारला त्याला बोलावलं गेलं, पाचला वडिलांना फोन, साडेपाचला हमीपत्र. त्यातलं ‘माझ्यामुळे महाविद्यालयाची बदनामी झाली’ हे वाक्य त्याला सांगून लिहवून घेतलं. ‘महाविद्यालयाची’ लिहिताना त्याचा हात थांबला, वर बघून त्याने विचारलं, “सर, पण अळी होती ना?” कुणीच उत्तर दिलं नाही. खाली माझीही सही आहे.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मैत्रिणीला घेऊन आली. कॉलेजच्या नावाने कुणीतरी कन्फेशन पेज चालवत होतं. गॅदरिंगच्या फोटोतला तिचा चेहरा कापून भलत्याच शरीराला चिकटवला होता. तिने फोन पुढे धरला तेव्हा स्क्रीनवरच्या त्या चित्रावर तिचा अंगठा होता आणि तो ती काढत नव्हती. कार्यालयाने विचारलं, हे पेज कॉलेजचं अधिकृत आहे का? नाही ना, मग आपला संबंध येत नाही. लेखी अर्ज द्या. अर्जावर आवक क्रमांक पडला सोमवारी.

2021 च्या आयटी नियमांप्रमाणे स्वतःचं असं बनावट चित्र फिरत असल्याची तक्रार आली, तर ते 24 तासांत हटवणं सोशल मीडिया कंपनीवर बंधनकारक होतं. ही गोष्ट त्या खोलीतल्या एकालाही ठाऊक नव्हती, मलाही नव्हती. तिने स्वतः ती तक्रार त्याच संध्याकाळी टाकली असती. आम्हाला एवढंच सांगायचं होतं आणि आम्ही ते सांगू शकलो नाही. मला आजही हे बोचतं.

सोशल मीडियाचा ‘धोका’ म्हणून आपण जे मोजतो, तो संस्थेचा धोका असतो. अळीच्या फोटोने संस्थेला धोका होता म्हणून दीड तास लागला. मुलीच्या फोटोने धोका मुलीला होता, म्हणून गुरुवारचा सोमवार झाला. कोलकात्याच्या एका खासगी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेचं प्रकरण 2022 मध्ये बाहेर आलं. पोहण्याच्या कपड्यातले तिचे इन्स्टाग्रामवरचे फोटो एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तक्रारीसोबत जोडले. ते फोटो आपण नोकरीला लागण्याआधीचे, खासगी खात्यावरचे आहेत, असं तिचं म्हणणं होतं. तिला नोकरी सोडावी लागली, आणि तिने दाद मागितली तेव्हा विद्यापीठाने नाव खराब झालं म्हणून तिच्याकडेच 99 कोटी मागितले. खासगी खात्यातले फोटो बाहेर आले कसे, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

मुलांच्या हातूनही चुका होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्टेटस म्हणजे वहीतलं शेवटचं पान, असं त्यांना वाटतं. काढून टाकलं की संपलं, असंही वाटतं, आणि पुण्याच्या त्या मुलीचं काय झालं हे आपण पाहिलंच. बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी तो दंडविधानात होता, 2024 पासून न्यायसंहितेत आहे. वर्गाच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन असलेले वर्गप्रतिनिधी उगीच घाबरतात. दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. या गोष्टी जुलैतल्या पहिल्या आठवड्यात एका तासात सांगता येतात. मी सांगतो. मुलं वह्या काढून लिहून घेतात, आणि एरवी माझ्या तासाला ती तसं करत नाहीत.

आयटी कायद्यातल्या 66-अ सारखं कलमसुद्धा मुलांना सांगावं लागतं. पालघरच्या दोन तरुणींना 2012 मध्ये फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी आणि एका लाइकसाठी अटक झाली. त्यावरून अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. 24 मार्च 2015 ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. तरी 2012 मध्येच पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्यामुळे पकडलेल्या जादवपूर विद्यापीठाच्या प्रा. अंबिकेश महापात्र यांना खटल्यातून मोकळं व्हायला जानेवारी 2023 उजाडला. न्यायालय बहुधा शेवटी बरोबर सांगतं. पण वीस वर्षांच्या पोराकडे अकरा वर्षं नसतात, त्याच्याकडे एक सेमिस्टर असतं. ते सेमिस्टर कॉलेजच्याच हातात असतं.

गेल्या वर्षी आमच्या समितीच्या प्रकरण-नोंदीचा नमुना मी बदलायला लावला. आता पहिला रकाना ‘विद्यार्थ्याचं म्हणणं’ हा आहे, त्याच्या हस्ताक्षरात, कुणी न सांगता लिहिलेलं. दुसरा रकाना, ‘यात कुणाला इजा झाली?’ परवा एक फाइल आली, पहिला रकाना कोरा आणि शेवटचा, शिफारशीचा, भरलेला. मी ती न वाचता परत पाठवली.