समासातली पेन्सिल

पुस्तकाच्या समासात काही लिहावे की लिहू नये, यावरून घराघरांत दोन पक्ष असतात. एका पक्षाला पुस्तक म्हणजे देव्हाऱ्यातली पोथी. तिच्यावर डाग पडता कामा नये. दुसऱ्या पक्षातली माणसे हातात पेन्सिल असल्याशिवाय पुस्तकच उघडीत नाहीत. मी पडलो शाळामास्तर. तेव्हा माझा पक्ष कोणता, हे सांगायला नकोच. पण कवितेशेजारी टीप लिहिताना मला पडतो तो प्रश्न कागद मळण्याचा नाही. दुसऱ्याच्या शब्दांवर आपला हक्क किती, हा तो प्रश्न आहे.

बालकवींची 'औदुंबर' घ्या. अवघ्या आठ ओळींची कविता. तुमच्यापैकी कितीकांना शाळेपासून पाठ असेल. एक झरा, पलीकडे टेकडीजवळ इवलेसे गाव, त्यापुढे शेते, शेतांतून डोहाकडे निघालेली पायवाट, आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. पहिल्या वाचनाला मी पेन्सिल बाजूलाच ठेवतो आणि कविता मोठ्याने म्हणतो. दुसऱ्या वाचनाला फक्त रंगांखाली रेघा ओढतो: हिरवा, निळासावळा, पांढरा आणि अखेर काळा. तिसऱ्या वेळी क्रियापदे पाहतो. झरा वाहतो, पायवाट चालते, औदुंबर मात्र बसून आहे. तिथे समासात 'का?' एवढेच लिहितो. पाण्यावर काळिमा पसरतो, पण कवी त्याला 'गोड' म्हणतो. त्या शब्दाभोवती एक वर्तुळ. औदुंबर 'असला' आहे. असला म्हणजे कसला? कवी बोट दाखवतो आणि गप्प राहतो. तिथे एक प्रश्नचिन्ह.

इथवर सारे ठीक. अडचण पुढेच आहे. बालकवी 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. वय अवघे सत्तावीस. हे ज्याला ठाऊक आहे, त्याची पेन्सिल काळ्या डोहापाशी आली की 'मृत्यू' हा शब्द आपसूक लिहून मोकळी होते. पण कविता लिहिणाऱ्या हाताला तो दिवस कुठे ठाऊक होता? तो ठाऊक आहे आपल्याला. डोहात मृत्यू पाहूच नये, असे मी म्हणत नाही. पाहायचा तर तो कवितेतल्या शब्दांतून पाहावा, आणि मग त्या 'गोड' शब्दाचे काय, याचेही उत्तर द्यावे. औदुंबर हे दत्ताचे झाड, म्हणून कुणाला तिथे ध्यानस्थ योगी दिसेल. त्यालाही हाच नियम.

हा नियम माझ्या पदरचा नाही. कालिदासाचा टीकाकार मल्लिनाथ म्हणतो की वाईट टीकेच्या विषाने कवीची वाणी मूर्च्छित पडली आहे. म्हणून त्याने आपल्या टीकेचे नाव 'संजीविनी' ठेवले. त्याची प्रतिज्ञाही मोठी साधी आहे: मुळात आधार नाही ते लिहिणार नाही आणि गरज नाही ते बोलणार नाही.

कुणी म्हणेल, 'मास्तर, कविता म्हणजे काय कोर्टकचेरी आहे? आनंद घ्यावा नि मोकळे व्हावे.' आनंद तर हवाच. पण मी रोज वर्गात पाहतो. फळ्यावर एकदा 'मध्यवर्ती कल्पना' लिहिली की साऱ्या वह्यांत तीच उतरते, आणि त्यानंतर एकही मूल पुन्हा कवितेकडे वळून पाहत नाही. झरा तसाच वाहत राहतो. कुणी काठाशी जात नाही. गेलेल्या कवीला तर उठून 'अहो, मी असे म्हटले नव्हते' असे सांगता येत नाही. ज्याला उलट उत्तर देता येत नाही, त्याच्या शब्दांशी आपण कसे वागतो, यात आपली नीती दिसते. म्हणून हा प्रश्न मी केवळ परीक्षेच्या गुणांचा मानीत नाही.

मग आपल्या मनातले कुठे ठेवायचे? आपल्या गावची नदी, तिच्या काठचे झाड, तिथे बसलेले आजोबा हे सारे ती कविता वाचताना आठवणारच. ते जरूर लिहावे. पण पानाच्या तळाशी, एक रेघ मारून, तिच्याखाली. वरचे कवीचे, खालचे माझे. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण मधल्या काळात तिच्यात नाना पाठभेद शिरले होते. त्या ग्रंथात जो आपली ओवी घालील, तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, असे त्यांनी बजावून ठेवले आहे. स्वतः नाथ थोर कवी होते. ओव्यांना तोटा नव्हता. पण त्यांनी त्या आपल्या ग्रंथांत लिहिल्या.

या दिवाळीत फराळाची ताटे उचलली गेली की घरातल्या मंडळींनी एकच कविता घेऊन बसावे. आजीने एक टीप लिहावी, नातवाने एक. दोघांचे जुळले नाही तर भांडावे, मात्र बोट कवितेतल्या शब्दावर ठेवून भांडावे. आणि पेन्सिल मऊ घ्यावी. उद्या ते पान दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल. त्याला आपली टीप खोडता आली पाहिजे.