पाडव्याआधी एकदा घर मोजून घे

सांगली,
फाल्गुन वद्य पंचमी

चि. सौ. छकुलीस,


नव्या वर्षाच्या संकल्पांची तुझी यादी मिळाली. पहाटे साडेपाचला उठणं, रोज चालणं, सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवणं, लेकाच्या बारावीचं वेळापत्रक, दोन वर्षांत मोठा फ्लॅट. यातलं एकही कलम वाईट नाही. पण ही यादी तिघांच्या घराची आहे आणि तुझं घर गेल्या आषाढापासून चौघांचं झालंय. सासरे गेले. गावच्या घराला कुलूप लागलं. सासूबाई डोंबिवलीला आल्या, लेकाचं अभ्यासाचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी सरकलं. एका वर्षात एवढी उलथापालथ झाली आणि यादीत तिचा मागमूस नाही. बँकेत आम्ही मार्चअखेरीला आधी जुनी खाती जुळवायचो, पुढच्या वर्षाची उद्दिष्टं त्यानंतर हातात घ्यायचो. तूही तसंच कर. पाडव्याला अजून दहा दिवस आहेत.

एखाद्या रविवारी दुपारी चौघं एकत्र बसा, टीव्ही बंद करून. या वर्षात कुणाचं काय गेलं, काय नवं आलं, रोजच्या दिवसात काय जड जातं, हे प्रत्येकानं बोलायचं. सुरुवात सासूबाईंपासून कर. त्या म्हणतील, ‘माझं काय, माझं सगळं ठीक आहे.’ तेवढ्यावर सोडू नकोस, थोडं थांबून पुन्हा विचार. या वर्षी सर्वात जास्त बदललं ते त्यांचं आयुष्य. नवरा गेला, आणि त्याच्याबरोबर गाव गेलं, अंगण गेलं, दळण घेऊन जाताना वाटेत भेटणाऱ्या बायका गेल्या, घरात चार माणसं आपल्याला विचारून कामं करतात ही सवय गेली. ज्या बाईनं पन्नास वर्षं एक घर चालवलं, ती आता तुला विचारते, ‘फोडणीला यातलं कोणतं तेल घेऊ?’ तू फोनवर हे कौतुकानं सांगितलंस, सासूबाई किती सांभाळून घेतात म्हणून. मला ते ऐकून गलबलून आलं.

‘आई, तुम्ही आता आराम करा,’ हे वाक्य घरात कुणी वापरू नये असं मला मनापासून वाटतं. ते मायेनं म्हटलं जातं, पण ऐकणाऱ्याला कळतं की आपलं काम संपलं. त्यांच्याकडे काहीतरी पूर्ण सोपव. वर्षभराचा मसाला, लोणचं, साठवणीचं धान्य, काय हवं ते त्यांनाच विचार. पण एकदा सोपवलंस की तिखट किती आणि मीठ किती यात तोंड घालू नकोस. मिरची कुठून आणायची तेही त्याच ठरवतील. तुमच्या इमारतीत किंवा शेजारी भजनी मंडळ असेल तर पहिल्या दोन वेळा तू स्वतः बरोबर जा. एकट्या त्या जाणार नाहीत.

चैत्र येतोय म्हणून आणखी एक सांगते. तृतीयेला गौर बसेल, मग अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकवं होतील. तुझ्याकडे दरवर्षी आंब्याची डाळ आणि पन्हं असतं. यंदा तू ते टाळणार आहेस, सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून, असं ताई म्हणाली. टाळू नकोस. त्यांना विचार, आणि त्यांची तयारी असेल तर पहिलं हळदकुंकू त्यांना लाव. इथून जवळच्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. एक खेडं हे करू शकतं, तर तिसऱ्या मजल्यावरचं एक घर का नाही? कुणी कुजबुजलं तर कुजबुजू दे. मात्र त्यांचं मन तयार नसेल तर आग्रहही धरू नकोस. आपल्या सुधारणेसाठी त्यांना पुढे उभं करायचं नाही. तेव्हा नुसतं शेजारी बसव, डाळ त्यांच्या हातची कर.

पाडव्याला गुढी उभारावी का, असंही तू विचारलंस. वर्षाच्या आत काही घरांत सण करत नाहीत, काही घरांत गुढी उभारतात पण गोडधोड करत नाहीत. यात माझा शब्द शेवटचा नको. सासूबाई म्हणतील तसं करा.

आता पैशांचं. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतले, म्हणजे सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन येत असणार. ते खात्यात येतं, पण पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाकडे असतं? बहुतेक घरांत मुलाच्या पाकिटात असतं, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. तरी ते त्यांच्या हाती दे. एकदा बँकेत बरोबर जा, पैसे काढायची स्लिप त्यांना स्वतः भरू दे. नातवाला शंभर रुपये द्यायला मुलाकडे मागावे लागले की म्हातारं माणूस आतून खचतं, हे मी काउंटरच्या पलीकडून खूप पाहिलंय. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो कॅलेंडरवर आताच लिहून ठेव. त्यांची सत्तरी झाली आहे, तेव्हा आयुष्मान भारतचं वय वंदना कार्डही काढून घ्या; ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण त्यात मिळतं. कोणकोणती रुग्णालयं त्यात येतात ते आधीच पाहून ठेवा, ऐन वेळी धावाधाव नको.

गावच्या पतपेढीत ठेव आहे म्हणालीस. बँकेतल्या ठेवीला, एका माणसाला एका बँकेत, व्याज धरून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतपेढीतल्या ठेवीला ते नसतं. ओळखीचे संचालक आहेत, चांगले लोक आहेत, हे सगळं खरं असलं तरी एका विधवा बाईची सगळी पुंजी तिथे असू नये. मुदत संपेल तशी रक्कम काढून बँकेत किंवा पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. तिथे दर तिमाहीला व्याज हातात येतं.

जमिनीचं मात्र लांबवू नका. सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे. वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. ती मुदत उलटून गेली म्हणून नोंद नाकारत नाहीत, पण जितका उशीर तितकी गुंतागुंत. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती द्यायची. ते गाव नमुना ६-क मध्ये चढतं, मग फेरफार होतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी मंजुरी देतात. ई-हक्क संकेतस्थळावरून घरबसल्याही अर्ज करता येतो.

इथे एका गोष्टीवर मला तुझ्याशी स्पष्ट बोलायचंय. जावईबापूंच्या मनात आहे की नणंदेकडून हक्कसोड पत्र करून घ्यावं, ‘ती काही मागणार नाही, तिचं सगळं चांगलं चाललंय.’ ती मागणार नाही हे तिला विचारलंय का? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं, मृत्युपत्र नसेल तर बापाच्या वाट्यात बायको, मुलगा, मुलगी समान हिस्सेदार असतात. आपल्याकडे बहिणी माहेर तुटू नये म्हणून सह्या करतात आणि त्या सहीला आपण समजूतदारपणा म्हणतो. मला ते मान्य नाही. सह्या घेऊन जमीन सलग राहते, पण पुढे रक्षाबंधनाला येणारी बहीण पाहुणी होऊन येते. आधी सगळ्या वारसांची नावं लागू द्या. नंतर तिनं आपणहून काही सोडायचं ठरवलं तर तो तिचा निर्णय, आणि तो तिनं स्वतःच्या घरी, स्वतःच्या वेळेनं घ्यावा. ठेवींचंही तेच. पावतीवर जावयांचं नाव नॉमिनी म्हणून असलं तरी बँक पैसे त्यांच्या हाती देते एवढंच, मालकी वारसांचीच राहते. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. हे तू नवऱ्याला सांग. सून म्हणून तुला अवघड वाटेल, तरी सांग. आणि तुमच्या दोघांच्या खात्यांचे नॉमिनीही याच महिन्यात तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात.

जावईबापू बोलत नाहीत, कामात बुडवून घेतात, हे मी ओळखून आहे. बाप गेलेल्या मुलाला कुणी रडायला वेळ देत नाही. दहाव्या-बाराव्यानंतर तो लगेच लोकलमध्ये दिसतो. सासऱ्यांची कागदपत्रं, शाळेच्या नोंदी, जुनी पत्रं यांची ती पत्र्याची ट्रंक त्यांनाच उघडू दे. तू मदतीला बसू नकोस, आईला बसू दे. त्या दोघांचं बोलणं तिथे होईल.

गावचं घर विकायचं की ठेवायचं, हे वर्षश्राद्धापर्यंत ठरवूच नका. भाव चांगला आहे म्हणून कुणी घाई करत असेल तर करू दे. फक्त पावसाच्या आधी कौलं शाकारून घ्या आणि वैशाखात पंधरा दिवस सासूबाईंना तिथे राहू द्या, नणंद सोबत असेल तर उत्तम. घर त्यांनी पुन्हा एकदा उघडून पाहिल्याशिवाय त्यांचं मत काय आहे, हे त्यांनाही कळणार नाही.

लेकाच्या वेळापत्रकाचं जास्त मनावर घेऊ नकोस. त्याला टेबलासाठी शांत कोपरा दे आणि आजीबरोबर रात्रीचं जेवण ठेव. बाकी तो करेल.

राहिली तू. यादीतलं साडेपाचचं उठणं मी खोडलंय. सकाळी डबे, सासूबाईंच्या गोळ्या, सात बावन्नची लोकल, रात्री अकराला ओटा पुसून होतो. त्यातून आणखी एक तास काढशील तो झोपेतूनच काढशील. त्यापेक्षा संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून दोन दिवस नवरा आणि लेक करतील असं त्या रविवारीच ठरवून टाक, आणि त्या दोन संध्याकाळी तू स्टेशनवरून चालत घरी ये. मोठ्या फ्लॅटचं कलम वर्षभर बाजूला ठेव. आधी चार माणसांचा खर्च किती येतो हे बारा महिने लिहून पाहा. गेल्या वर्षीच्या आकड्यांवर नवीन कर्जाचा हप्ता ठरवू नकोस. सहा महिन्यांची रक्कम मात्र जमवायला आताच लाग, दरमहा थोडी का होईना. त्यात सासूबाईंच्या पेन्शनचा एक रुपया धरू नकोस.

पाडव्यानंतरच्या रविवारी मी फोन करीन. ६-क ची वर्दी दिली का आणि नणंदेशी बोलणं झालं का, हे दोन्ही मला सांग. ताईला नमस्कार, सासूबाईंना माझा विशेष नमस्कार कळव. मिरची घ्यायची झाली तर म्हणावं आधी मला विचारा, इथल्या बाजारात चांगली मिळते, मी पाठवते.

तुझी,
मावशी