धडक गेली, धाक राहिला

२६ जानेवारी १९८६ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये, सुपर बोलमध्ये म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, शिकागो बेअर्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ४६-१० असा धुव्वा उडवला. चेंडू घेऊन धावत पेट्रियट्सना त्या संपूर्ण सामन्यात जेमतेम ७ यार्ड मिळवता आले आणि पास फेकणाऱ्या त्यांच्या क्वार्टरबॅकना बेअर्सनी सात वेळा जमिनीवर लोळवले. आधीच्या दोन बाद फेऱ्यांत न्यूयॉर्क जायंट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांना तर भोपळाही फोडता आला नव्हता. आज अमेरिकन फुटबॉलमध्ये गुणांचा पाऊस पडू लागला की जुने चाहते याच संघाचे नाव काढतात आणि विचारतात, असा अंगावर जाणारा बचाव आता कोणी का खेळत नाही? प्रश्न रास्त आहे. पण त्या बचावाची दांडगाई आणि त्याची अक्कल या दोन गोष्टी त्यात एकत्र कालवल्या जातात. त्या सुट्या केल्याशिवाय उत्तर सापडत नाही.

आधी अक्कल पाहू. बेअर्सचे बचाव-प्रशिक्षक बडी रायन यांच्या रचनेला '४६' हे नाव मिळाले ते सेफ्टी डग प्लँक यांच्या जर्सीच्या क्रमांकावरून. १९८५च्या संघात प्लँक स्वतः नव्हतेही. या रचनेत आठ बचावपटू चेंडूच्या रेषेजवळ गर्दी करत. त्यातले तिघे थेट समोरच्या सेंटर आणि दोन गार्डच्या तोंडासमोर उभे राहत. परिणामी मधल्या तिघांना एकमेकांच्या मदतीला जाता येत नसे. ज्याचा त्याने आपापला मल्ल सांभाळायचा. शिवाय आठांपैकी नेमके कोण क्वार्टरबॅकवर तुटून पडणार, हे शेवटपर्यंत उमगत नसे. त्या काळी बहुतेक संघ दोन बॅक आणि एक टाइट एंड घेऊन धावण्यावर भर देत. अशा संघांसमोर ही गर्दी म्हणजे भिंतच होती.

या भिंतीला खिंडार कुठे आहे, तेही त्याच मोसमात दिसले. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू आणि पास झेलू शकणारे जास्तीत जास्त पाच. चौघांना हल्ल्यावर पाठवले तर त्या पाचांना रोखायला सात उरतात. सहा पाठवले तर पाचांवर पाच, आणि सात पाठवले की एक रिसीव्हर मोकळाच. कबड्डीत कोपरारक्षकाची झेप वेळेआधी पडली आणि पकड चुकली की चढाईपटू गुण घेऊन आरामात परततो. ब्लिट्झचा, म्हणजे जादा माणसे क्वार्टरबॅकवर सोडण्याचा, हिशेब तसाच आहे. २ डिसेंबर १९८५ रोजी मायामी डॉल्फिन्सनी हाच हिशेब मांडला. प्रशिक्षक डॉन शुला यांनी तीन रिसीव्हर मैदानभर पांगवले, त्यामुळे गर्दीतल्या जड बचावपटूंना चपळ माणसांमागे पळावे लागले. क्वार्टरबॅक डॅन मारिनो यांचा हात विलक्षण झपाट्याने सुटत असे. हल्लेखोर पोचेपर्यंत चेंडू गेलेला असे. बेअर्स ३८-२४ने हरले. त्या मोसमातला त्यांचा हा एकमेव पराभव.

त्या रात्री अपवाद वाटलेली रचना आज जवळपास प्रत्येक संघाचा नित्यनेम आहे. तीन रिसीव्हर हा आता पायाच झाला आहे. साहजिकच '४६' ही रोजची रचना म्हणून उरली नाही. मोजक्या प्रसंगी वापरायचे ते हत्यार झाले.

नियमांनीही पारडे फिरवले, आणि ती सुरुवात बेअर्सच्या त्या विजयाआधीच झाली होती. १९७८मध्ये नॅशनल फुटबॉल लीगने पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्के देण्यास मनाई केली आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्यांना हात पसरून, उघड्या पंजांनी अडवण्याची मुभा दिली. पुढे क्वार्टरबॅकच्या डोक्यावर आणि गुडघ्यांवर आदळणे, बेसावध रिसीव्हरला उडवणे, हेल्मेट खाली घालून धडकणे, हे सगळे एकेक करून दंडनीय ठरले. एका चुकीच्या धडकेला १५ यार्डांचा दंड बसतो आणि प्रतिस्पर्ध्याची अडलेली चाल पुन्हा सुरू होते. थोडक्यात, दांडगाई आता परवडत नाही.

आठवणींची एक लबाडी इथे ध्यानात घ्यायला हवी. रायन १९८६मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्याकडे रेजी व्हाइटसारखा अफाट ताकदीचा खेळाडू होता, बचाव तितकाच आक्रमक होता, आणि तरीही १९८८ ते १९९० या तीन मोसमांत तिन्ही वेळा संघ बाद फेरीचा पहिलाच सामना हरला. आक्रमकता तेव्हाही एकटी पुरत नव्हती. आपण बेअर्स लक्षात ठेवतो आणि ते ईगल्स विसरतो.

मग त्या बचावाचे काय टिकले? समोरच्याचा वेळ आणि त्याची खात्री हिरावून घेणे. पिट्सबर्गचे बचाव-प्रशिक्षक डिक लबो यांनी झोन ब्लिट्झ रूढ केली. तिच्यात अनपेक्षित माणूस हल्ल्यावर जातो आणि हल्ल्याला येईल असे वाटणारा धिप्पाड लाइनमन उलट मागे सरकून पासच्या वाटेत उभा राहतो. मिनेसोटा व्हायकिंग्जचे बचाव-प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस आज सहा-सात जणांना रेषेवर उभे करतात. कधी सगळे येतात, कधी तिघेच येतात आणि आठ मागे पांगतात. क्वार्टरबॅकच्या मनात ४६चीच भीती, मागे राखणदार मात्र पुरेसे. फेब्रुवारी २०२५च्या सुपर बोलमध्ये, त्याच सुपरडोममध्ये, व्हिक फँजिओ यांच्या ईगल्स बचावाने एकदाही ब्लिट्झ न करता कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याला सहा वेळा लोळवले. चौघांनीच काम फत्ते केले, सात जण मागे वाटा अडवून होते. मध्यंतराला चीफ्सच्या नावावर शून्य गुण होते. याला मवाळ बचाव कोण म्हणेल?

राहिली दांडगाई. १९८५च्या बेअर्समधले सेफ्टी डेव्ह ड्युअरसन यांनी २०११मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी आत्महत्या केली. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असे त्यांनी कुटुंबाला कळवले होते. बोस्टन विद्यापीठाच्या तपासणीत त्यात सीटीई आढळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडला गेलेला हा मेंदूचा विकार. २०१७मध्ये त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी लीगमधल्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, ११०मध्ये हा विकार निघाला. हे मेंदू बहुतांशी त्रास जाणवलेल्यांच्या कुटुंबांनी दिलेले होते, त्यामुळे तेच प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येणार नाही. पण ज्या धडकांवर आपण टाळ्या वाजवल्या त्यांची किंमत कोणी मोजली, हे त्यातून स्पष्ट होते.

म्हणून माझा कौल असा: जुना आक्रमक बचाव जसाच्या तसा आज चालणार नाही, आणि चालू नये. चालेल ते त्यातले डोके: कोण येणार हे लपवणे, क्वार्टरबॅकच्या रक्षकांना एकेकटे पाडणे आणि मोक्याच्या वेळीच तुटून पडणे. जो प्रशिक्षक १९८५चे चित्रीकरण पाहून फक्त धडका मोजेल तो हरेल. जो पायांची जागा आणि नजरेची फसवणूक पाहील, तो आजही जिंकेल.