वांग्यातील अळी आणि पहिले शील



नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या शेतकरी कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "विहारात आम्ही पंचशील ग्रहण करतो. पहिले शील प्राण्याची हत्या न करण्याचे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पाठीवर पंप अडकवून आम्ही वांग्यावर फवारणी करतो. मग आम्ही शील पाळले की मोडले?"

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "अहो, अळी ती काय आणि तिचा जीव तो काय! खुशाल मारा." दुसरा म्हणतो, "शील म्हणजे शील. शेती केली की ते मोडणारच, त्याला इलाज नाही." पहिल्या उत्तरात करुणा नाही, दुसऱ्यात प्रज्ञा नाही, आणि या दोहोंवाचून धम्म उभा राहत नाही. तेव्हा हा प्रश्न आपण नीट तपासून पाहू.

ज्या जीवाला मारावे की नाही याचा विचार करावयाचा, तो जीव कोण आणि कसा जगतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ल्यूसिनोडिस ही उष्ण प्रदेशांतील पतंगांची एक प्रजाती. आपल्या वांग्यावर येणाऱ्या जातीचे वर्णन गेने या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५४ साली केले व तिला ल्यूसिनोडिस ऑर्बोनॅलिस असे नाव दिले. आपले कृषी खाते तिला 'शेंडा व फळ पोखरणारी अळी' म्हणते. वांगे, बटाटा, रानातली कामोणी ही सारी एकाच कुळातील झाडे. या पतंगाचा संसार मुख्यतः त्या कुळावरच चालतो. आफ्रिकेतील अशाच अळ्यांनाही पुष्कळ वर्षे ऑर्बोनॅलिस हेच नाव लावले जात होते. २०१५ साली शास्त्रज्ञांनी नमुने बारकाईने तपासले, तेव्हा त्या निराळ्याच अनेक जाती निघाल्या. नीट पाहिल्यावाचून नाव ठेवू नये आणि निवाडाही करू नये, एवढा बोध यातून घेण्यासारखा आहे.

हा पतंग लहान, पांढऱ्या पंखांचा, त्यांवर तपकिरी-गुलाबी डाग असलेला. तो रात्री उडतो आणि थोडेच दिवस जगतो. मादी पानाच्या खालच्या बाजूला, कोवळ्या शेंड्यावर, कळीवर किंवा फळाच्या देठाजवळ एकेक अंडे घालते. चार-सहा दिवसांत अळी बाहेर पडते आणि काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते. शिरताना पडलेले भोक तिच्या विष्ठेने बुजून जाते. म्हणूनच बाजारात वांगे वरून लखलखीत दिसते आणि विळीवर चिरले की आत काळे निघते. पुढे दोन-तीन आठवडे ती आतच खाते, वाढते, गुलाबी होते. पूर्ण वाढ झाली की फळाला भोक पाडून बाहेर येते आणि झाडाखालच्या पालापाचोळ्यात कोष करते. आपल्याला मोठे भोक दिसते ते तिच्या जाण्याचे, येण्याचे नव्हे.

आता यातली मुख्य गोष्ट लक्षात घ्या. ही अळी आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ फळाच्या किंवा शेंड्याच्या आत असते. वरून मारलेली बहुतेक औषधे तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. अंड्यातून निघून आत शिरेपर्यंतचे ते थोडे तास, तेवढ्यातच ती सापडली तर सापडली. फवारणी करूनही वांगी किडकी निघतात, म्हणून शेतकरी पुन्हा फवारतो. आणखी किडकी निघतात, म्हणून आणखी जालीम औषध आणतो. बांगलादेशातील जेसोर भागात काही शेतकरी वांग्याच्या एका हंगामात शंभराहून अधिक वेळा फवारणी करीत असल्याची नोंद आहे. आणि या फवारणीत मरते कोण? ट्रॅथाला नावाची एक लहानशी गांधीलमाशी या अळीच्या अंगात आपले अंडे घालते व तिला संपविते. ती शेतकऱ्याची मित्र. ती उघड्यावर वावरते, म्हणून ती मरते. जिला मारावयाचे ती आत सुरक्षित, आणि जी आपले काम फुकट करीत होती तिचा घात!

आता शीलाकडे वळू. पाली अट्ठकथांमध्ये प्राणघाताची पाच अंगे सांगितली आहेत. समोर प्राणी असणे, तो प्राणी आहे हे ठाऊक असणे, मारण्याचे चित्त, त्यासाठी केलेला प्रयत्न, आणि त्या प्रयत्नाने झालेला मृत्यू. नांगरताना गांडूळ कापले गेले तर त्यात मारण्याचे चित्त नसते. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत पाहिले, म्हणून तो प्राणघात होत नाही. परंतु पंप घेऊन निघालेल्या माणसाच्या बाबतीत पाचही अंगे पूर्ण होतात. "माझा हेतू पीक वाचविण्याचा होता, मारण्याचा नव्हता," असे म्हणून त्याला सुटता येत नाही. हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शब्दांची कसरत करून स्वतःला निर्दोष ठरविणे हे चौथ्या शीलालाही धरून नाही.

मग शेती सोडावयाची काय? नाही. भिक्षूच्या विनयात जमीन खणण्याची मनाई आहे, झाडे तोडण्याची मनाई आहे. उपासकाला ती घातलेली नाही. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्षूंच्या पायांखाली हिरवे अंकुर व बारीक जीव तुडविले जातात अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी वर्षावास सुरू केला. भिक्षूला एका जागी राहता येते, कारण त्याला जेवू घालणारा कोणी तरी शेतात राबत असतो. ज्याच्या कष्टावर संघ जगतो त्यालाच पापी ठरविणारा धम्म तथागतांनी सांगितलेला नाही.

येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला वाट दाखविली आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, असे त्यांचे विवेचन आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करून वागण्याची मोकळीक देते. त्यांनी आणखी एक भेद सांगितला आहे. हत्या करण्याची इच्छा वेगळी आणि हत्येची गरज वेगळी. जेथे केवळ इच्छा आहे तेथे हत्या निषिद्ध.

नियम आणि तत्त्व यांतला फरक वांग्यावरूनच पाहा. चातुर्मासात वांगे खावयाचे नाही आणि चंपाषष्ठीला पुन्हा सुरू करावयाचे, अशी चाल आपल्या गावांत आहे. का, असे विचारले तर "पद्धत आहे" एवढेच उत्तर मिळते. हा झाला नियम; तो पाळावयाला डोके लागत नाही. तत्त्व पाळावयाला डोकेही लागते आणि डोळेही. म्हणून तत्त्व म्हणजे सवलत, असे कोणी समजू नये. गरज असेल तर मारता येते, हे ऐकून पुष्कळांना हायसे वाटते. पण गरज आहे की नाही, हे प्रत्येक वेळी तपासण्याचे ओझे त्याबरोबरच आपल्या खांद्यावर येते. "शेजाऱ्याने फवारले म्हणून मीही फवारले," ही गरज नव्हे. "आज आठवा दिवस आहे," हीही गरज नव्हे.

गरज तपासण्यासाठी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला, नुकसान खरोखर होत आहे काय? सुकलेले शेंडे किती, किडकी फळे किती, हे वाफ्यात फिरून मोजल्याशिवाय कळत नाही. दुसरा, माझा उपाय नुकसान करणाऱ्यापर्यंत पोहोचतो काय, की भलताच जीव मारतो? तिसरा, या उपायाचा भार कोणावर पडतो?

तिसऱ्या प्रश्नावर थोडे थांबू या. पंप बहुधा मालकाच्या पाठीवर नसतो, मजुराच्या पाठीवर असतो. हा भूमिहीन मजूर कोणत्या वस्तीतून येतो, हे तुम्हांला सांगावयास नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांनी प्राण गमावले. पीक कपाशीचे होते, पण पंप तोच, उघडे हात तेच आणि नाका-तोंडावरचा उपरण्याचा फडकाही तोच. अळीच्या जीवाचा प्रश्न विचारणाऱ्याने या जीवांचा प्रश्न आधी विचारला पाहिजे. मजुराला हातमोजे व मुखपट्टी न देता फवारणीला पाठविणे, यात पहिल्या शीलाचा भंग अळी मारण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आणि आपण त्या विषाला म्हणतो काय? औषध! "औषध मारले काय?" असे सहज विचारतो. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत भगवंतांनी विषाचा व्यापार मोजला आहे. शेती त्या पाचांत नाही. गरज नसता शेतकऱ्याच्या गळ्यात डबा बांधणाऱ्याने याचा विचार करावा. आपल्यातही कोणी आता दुकान टाकू लागले आहेत. डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. वडिलांना वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीने तो डबा त्यांना वाचून दाखवावा. मी शिक्षक आहे, आणि शिक्षणाचा याहून थेट उपयोग मला ठाऊक नाही.

मग करावे काय? सुकलेला शेंडा दिसला की तो थोडा खालून कापावा. त्याच्या आत अळी असते. किडकी फळे बांधावर न फेकता शेंड्यांसह नष्ट करावीत, नाही तर तिथूनच नवी पिढी उठते. कामगंध सापळे लावावेत. त्यांत या जातीचे नर तेवढे ओढले जातात, इतर कीटकांना धक्का लागत नाही. भोवतालच्या शेतकऱ्यांनी मिळून केले तर हे उपाय अधिक लागू पडतात, कारण पतंग बांध ओळखत नाही. जालीम फवारे थांबले की ती मित्र गांधीलमाशीही परत येते.

यातही अळी मरते, हे खरे आहे. पण हाताने खुडलेल्या शेंड्यातली एक अळी मनाला टोचते. पंपाने मेलेल्या हजारांची आपल्याला खबरही नसते. ती टोचणी राहू द्यावी. गरजेपलीकडे हात जाऊ न देणारी तीच राखण आहे.

कोणी म्हणेल, आता बियाण्यातच उपाय आला आहे. जालन्याच्या महिको कंपनीने तयार केलेल्या बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखविला. नंतर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने मात्र २०१३ साली परवानगी दिली व २०१४ पासून तेथे लागवड सुरू झाली. त्याच्या बाजूने व विरुद्ध पुष्कळ बोलले गेले आहे. आपल्या प्रश्नापुरते एवढेच पाहा की मारणारे विष पंपातून आले काय आणि झाडातून आले काय, वरचे तीन प्रश्न विचारावेच लागतात. यंत्र किंवा बियाणे आपल्या वतीने शील पाळत नाही.

शहरात राहणाऱ्यांनी, "आम्ही कोठे फवारतो?" असे म्हणून सुटू नये. एकही डाग नसलेले, तुकतुकीत वांगेच हवे, हा हट्ट आपला आहे, आणि तो पुरविण्यासाठी शेतावर पंप चालतो. एखादे वांगे किडके निघाले तर तेवढा भाग काढून टाकावा, उरलेल्याचे भरीत होते. भाजीवाल्या मावशीशी त्यावरून भांडण काढू नये.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या बंधूंना माझे उत्तर असे. गरज तपासून, कमीत कमी जीव घेऊन, कोणा मजुराच्या देहावर भार न टाकता तुम्ही पीक राखले, तर तुम्ही शीलाच्या वाटेवर आहात. न पाहता, न मोजता, सवयीने पंप उचललात, तर मरणारी अळी असो वा गांधीलमाशी, शील तेथे मोडले. पुढच्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा गाथांनंतर थोडा वेळ काढून यावर आपसांत बोला. आणि ज्या बाया-माणसांच्या पाठीवर पंप असतो, त्यांना आधी बोलू द्या.

जय भीम.